अभ्यासिकेतल्या मुलांचा स्वयंपाक गट: सुरुवात कशी करावी?

प्रश्न
पुण्यातल्या एका वस्तीत आम्ही संध्याकाळी ५ ते ७ अभ्यासिका चालवतो. सहावी ते नववीची १८ मुले-मुली येतात. त्यांतील अनेकांचे आई-वडील रात्री आठनंतर घरी पोहोचतात आणि तोवर पाच रुपयांच्या वेफर्सच्या पुड्यावर भागवणे हा मुलांचा नित्यक्रम झाला आहे. दर शनिवारी त्यांनीच काही करून खावे, असा विचार आहे. समाजमंदिरातल्या खोलीत गॅस नाही. पंख्याच्या बटणाशेजारी एकच सॉकेट आहे. इंडक्शन शेगडी आणावी का?

उत्तर १
शेगडीची घाई करू नये. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढते आणि बटणाशेजारचे साधे सॉकेट बहुधा ६ अँपिअरचे असते. आमच्याकडे तसेच एक सॉकेट वितळून खोलीभर वास सुटला, तेव्हा कुठे आम्ही हा हिशेब मांडला. वायरमनने १६ अँपिअरची वेगळी जोडणी करून देईपर्यंत आमचे काम शेगडीवाचूनच चालले. मुले गुरुवारी रात्री मटकी भिजत घालत, शुक्रवारी सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधत आणि शनिवारी पुरचुंडी सोडत, तेव्हा काही मोड फडक्याच्या विणीतून बाहेर आलेले असत. समोरच्या मावशी ती वाफवून देत. मग कांदा, टोमॅटो, लिंबू. कच्ची देऊ नये, पोटे बिघडतात.

उत्तर २
चिरण्याचेही पाहावे. विळी नको, पाट-सुरी बरी. काकडी आधी उभी चिरून तिची सपाट बाजू पाटावर टेकवली की ती घरंगळत नाही, आणि नवख्या हातांची निम्मी भीती तिथेच जाते. भांडी घासण्याच्या पाळ्या पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहाव्यात, नाहीतर नेमके मुलगेच त्या वेळी पाणी प्यायला जातात. शिवाय कोणाला काय चालत नाही, हे घरोघरी जाऊन विचारावे. आपल्याकडे दाण्याचे कूट कशात पडत नाही?

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. वायरमन बुधवारी येणार आहे. घरोघरी विचारले, तेव्हा सातवीतल्या एका मुलीला शेंगदाण्याने अंगभर गांधी उठतात, असे समजले. दोन वर्षे ती आमच्याकडे येते आहे आणि खाऊ म्हणून आम्ही कितीदा तरी चिक्की वाटली आहे. ती घेऊन दप्तरात ठेवायची आणि धाकट्या भावाला द्यायची, असे तिच्या आईने सांगितले. या शनिवारी काकडीची कोशिंबीर आहे, ओले खोबरे घालून.