जूनमध्ये पाच जणांचा युरोप रोड ट्रिप, १६ दिवस: रूट सुचवा

सिंहगडरोड:
नमस्कार मंडळी, पुढच्या जूनमध्ये १ तारखेच्या आसपास निघून १६ दिवस युरोपात भाड्याची गाडी घेऊन फिरायचं ठरतंय. आई (६४), बाबा (६९), बायको, मुलगी (९) आणि मी. सध्या कागदावर पॅरिस – ॲमस्टरडॅम – स्वित्झर्लंड – रोम – प्राग असं लिहिलंय. पुण्यात १५ वर्षं गाडी चालवतोय, कोकणातले सगळे घाट पालथे घातलेत, पण उजव्या बाजूने कधीच चालवली नाहीये. बाबांचा गुडघा दुखतो त्यामुळे बसच्या टूरमध्ये सकाळी सहाला उठवून पळवायचं नकोय, हेच गाडी घेण्याचं खरं कारण. आई-बाबांना एकदा डोंगर आणि बर्फ नीट बसून बघता यावा एवढीच इच्छा आहे. रूट, व्हिसा, गाडी, खाणं, जे माहिती आहे ते सांगा प्लीज.

म्युनिकवासी:
आधी रूटबद्दल मनापासून सांगतो, पॅरिस-ॲमस्टरडॅम-रोम-प्राग ही शहरं ट्रेनची आहेत, गाडीची नाहीत. तिथे गाडी म्हणजे पार्किंगचे पैसे आणि डोक्याला ताप, शिवाय एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली तर वन-वे चार्ज जबरदस्त लागतो. तुम्हाला डोंगर हवेत ना, मग म्युनिकहून घ्या आणि म्युनिकलाच परत करा, गोल मारा.

माझा सल्ला असा: म्युनिक २ रात्री (गाडी तिसऱ्या दिवशी सकाळीच ताब्यात घ्या, विमानातून उतरून लगेच अजिबात नको), मग साल्झबर्गवरून ऑस्ट्रियातलं झेल आम झे ३ रात्री, तिथून ग्रोसग्लॉकनरच्या रस्त्याने पलीकडे उतरून स्लोव्हेनियात ब्लेड ३ रात्री, व्हेनिससाठी शेजारच्या मेस्त्रेला २, इटलीतल्याच डोलोमाइट्स डोंगरांत ४ आणि ब्रेनर खिंडीवरून परत म्युनिक १. चार देश होतात आणि बहुतेक दिवशी तीन-चार तासांच्या वर स्टिअरिंग धरावं लागत नाही.

ग्रोसग्लॉकनर चुकवू नका. १९३५ साली सुरू झालेला ४८ किलोमीटरचा रस्ता, ३६ वळणं, वर २५०० मीटरच्या पुढे जातो. जूनच्या सुरुवातीला कडेला बर्फाच्या भिंती असतात आणि बाबांना एक पाऊल न चालता गाडीतून बर्फ दिसेल, माझ्या वडिलांना तिथे नेलं होतं तेव्हा ते अर्धा तास काही बोललेच नव्हते. वेगळा टोल आहे, महाग आहे, द्या. रात्री रस्ता बंद असतो, सकाळी लवकर चढा.

घाटवाट:
+१ गोल रूटला. व्हिनिएटचं (हायवे वापरायचा ठरावीक दिवसांचा पास) लिहितो कारण तिथेच लोक फसतात. जर्मनीत कारला टोल नाही. ऑस्ट्रियाला हायवेसाठी व्हिनिएट लागतं, १० दिवसांचं घ्या, पण तुम्ही परत येताना ब्रेनरवरून पुन्हा ऑस्ट्रियात शिरणार तेव्हा ते संपलेलं असेल, त्या दिवसासाठी एक दिवसाचं वेगळं मिळतं. ब्रेनरचा टोल अजून वेगळा. स्लोव्हेनियाचं ई-व्हिनिएट आठवड्याचं मिळतं, गाडीच्या नंबरवर असतं, नंबर टाकताना दोनदा तपासा, नसेल तर दंड किमान ३०० युरो. इटलीत आपल्यासारखे टोलनाके, तिकीट घ्या, उतरताना पैसे भरा.

आणि इटलीत झेडटीएल हे अक्षर डोक्यात पक्कं करा. जुन्या गावांच्या आत ठरावीक वेळी बाहेरच्या गाड्यांना बंदी, कॅमेरा फोटो काढतो. मी एका गावात हॉटेल शोधत शिरलो, कळलंही नाही, चार महिन्यांनी घरी पत्र आलं आणि दंडाच्या वर गाडीवाल्या कंपनीने स्वतःची फी कार्डावरून कापली ती वेगळीच. मॅप तुम्हाला खुशाल आत नेतो. गावाबाहेर पार्किंग करा आणि चालत जा.

नाशिकची_माहेरवाशीण:
व्हिसाचं बघा हं, चारही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. वरच्या रूटमध्ये इटलीत ६ रात्री आणि बाकी तिन्ही देशांत तीन-तीन, म्हणजे विमान म्युनिकला उतरत असलं तरी अर्ज इटलीकडे करायचा. जिथे मुक्काम जास्त तो देश. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, जूनसाठी थांबू नका. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो, आई-बाबांसाठी मी त्याहून मोठाच घेतला होता.

गाडीसाठी आरटीओतून आयडीपी (इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट) काढा, एक वर्ष चालतो, ओरिजिनल लायसन्सही बरोबर हवंच. ऑटोमॅटिक असं स्पष्ट लिहून बुक करा, नाहीतर हातात गिअरची येते आणि डाव्या-उजव्याचा गोंधळ होत असताना उजव्या हाताने गिअर टाकणं नको. डिपॉझिट चालवणाऱ्याच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर ब्लॉक होतं. स्लोव्हेनिया आणि इटलीला नेणार हे बुकिंगच्या वेळीच लेखी विचारा, काही महागड्या गाड्या न्यायला परवानगी नसते. लेकीसाठी बूस्टर सीट लागेल. आणि पाच जण म्हणजे पाच मोठ्या बॅगा नाहीत बरं का, डिकीचा फोटो बघा, मध्यम बॅगा आणा.

खाण्याचं: जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी सुपरमार्केट बंद, शनिवारी दूध-ब्रेड-भाजी घेऊन ठेवा. अपार्टमेंट घ्या, आईंना सकाळचा चहा आणि रात्री मुगाची खिचडी घरची मिळाली की सगळा प्रवास सोपा जातो. पण पेढे, तूप, श्रीखंड नेऊ नका, दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी आहे.

सिंहगडरोड:
खूप खूप धन्यवाद, पॅरिस-रोम काढून टाकलं, बायकोला व्हेनिस पुरेसं आहे म्हणाली. बाबांना ग्रोसग्लॉकनरचे फोटो दाखवले, ते आत्ताच स्वेटर शोधतायत. एकच शंका, उजव्या बाजूची सवय किती दिवसांत होते?

म्युनिकवासी:
सरळ रस्त्यावर तासाभरात होते. चूक होते ती पेट्रोल भरून किंवा पार्किंगमधून निघताना रिकाम्या रस्त्यावर, समोर गाडी नसते आणि हात सवयीने डावीकडे वळवतो. शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक वेळी निघताना "उजवीकडे" असं मोठ्याने म्हणायचं, आम्ही पहिले पाच दिवस हे केलं. ऑटोबानवर (जर्मनीतला हायवे) डावी लेन फक्त ओव्हरटेकसाठी, मागून दोनशेने कोणी येत असतं, आरशात बघूनच जा. आणि ट्रॅफिक तुंबला की डाव्या लेनने डावीकडे, बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मधे ॲम्ब्युलन्ससाठी वाट मोकळी ठेवायची, गाड्या थांबायच्या आधीच.

नाशिकची_माहेरवाशीण:
लेकीला द्या ते "उजवीकडे" म्हणायचं काम, माझा मुलगा एकदाही विसरला नाही.