आठवीची विहीर: विषय एकत्र शिकवावेत की वेगवेगळेच बरे?

फळाखडू (धागाकर्ता)
'गावची विहीर' हा एकच विषय घेऊन आठवीला गणित, भूगोल, इतिहास आणि मराठी मिळून शिकवू, असं मी शिक्षकसभेत मांडलं. निम्मे सहकारी विरोधात गेले. माझी बाजू इथे मांडतोय. न पटणाऱ्यांनी जरूर लिहा.

आठवीत वृत्तचितीचं घनफळ आहे. वर्गात आपण ते फळ्यावरच्या टाकीवर शिकवतो, त्रिज्या आयती दिलेली असते. विहिरीवर ती कुणी देत नाही आणि मध्यभागी टेप धरायला कुणी उभंही राहू शकत नाही. मग मुलं कठड्याभोवती दोरी फिरवतात. परीघ २२ मीटर, म्हणजे त्रिज्या साडेतीन. दगड बांधलेली दोरी आत सोडली, चार मीटर भिजली. १५४ घनमीटर, म्हणजे १ लाख ५४ हजार लिटर पाणी. मग प्रश्न सुटतच नाहीत: गावाला हे किती दिवस पुरेल? मे महिन्यात किती उरेल? १९७२ च्या दुष्काळात ही विहीर आटली होती का? याचं उत्तर गावातली म्हातारी माणसंच देणार, आणि त्यांचं बोलणं नीट ऐकून लिहून काढणं हाच मराठीचा तास.

त्रिज्या
सर, मी माध्यमिकला गणित शिकवते, म्हणून स्पष्ट लिहिते. दोरी कठड्याच्या बाहेरून फिरवली तर कठड्याची जाडीही त्रिज्येत येते. जाडी ४५ सेंटिमीटर धरा. आतली त्रिज्या ३.०५ मीटर, पाणी साधारण ११७ घनमीटर. उत्तर जवळपास एक तृतीयांशाने फुगलं. गटातल्या किती मुलांच्या हे लक्षात येईल? एखाद्या मुलीच्या. ती आकडेमोड करते, बाकीचे तक्ता रंगवतात आणि गुण सगळ्यांना सारखे मिळतात. आठवीत येऊनही ज्यांना भागाकार जमत नाही, ती मुलं अशा गटात अगदी बेमालूम लपतात. त्यांना सराव लागतो, रोज आणि एकेकट्याने.

फळाखडू
मॅडम, जाडी वजा करायची हा प्रश्न फळ्यावरच्या टाकीत कधी येतो का? विहिरीवर तो येतो, म्हणून तर तिथे जायचं. मुलं गटात लपतात हे मात्र खरं आहे, आणि त्यावर उपाय हवाच.

निवृत्त केंद्रप्रमुख
हे नवं नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, झाकिर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. हस्तोद्योगाभोवती सगळे विषय गुंफायचे, याला 'समवाय' म्हणत. कल्पना उत्तम होती. पण मूळ दृष्टी नसलेल्या शिक्षकांच्या हाती ती गेली की समवाय ओढूनताणून व्हायचा: सूत कातायच्या टकळीवरून भूगोल, टकळीवरून कविता. विहिरीत सगळे विषय कोंबू नका. जे तिथे आपसूक येतात तेवढेच घ्या.

आणि फिनलंडने विषय काढून टाकले, असं जे सांगितलं जातं ते चूक आहे. २०१६ पासून लागू झालेल्या त्यांच्या अभ्यासक्रमात वर्षातून किमान एक बहुविषयी घटक सक्तीचा आहे. विषय जागच्या जागी आहेत.

दोन मुलांची आई
पालक म्हणून सांगते, 'प्रकल्प' म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. रात्री नऊला कळतं, उद्या तक्ता द्यायचाय. चित्रं दुकानातून, मजकूर मोबाईलवरून, अक्षर माझं. मुलाला त्यातलं काहीही सांगता येत नाही. शाळेच्या वेळेत आणि शिक्षकांसमोर होणार असेल तर विहीर मला हजारदा चालेल. घरी पाठवणार असाल तर कृपा करून नको.

पाटी
मॅडमचा मुद्दा अर्धाच खरा वाटतो. माझ्या वर्गातला एक मुलगा लेखी परीक्षेत कायम मागे असतो, पण पाणी कुठल्या थरातून झिरपतं, मुरूम कुठे संपतो आणि काळा पाषाण कुठे लागतो, हे तो बोट ठेवून दाखवतो. त्याचे वडील विहिरी खोदतात. पस्तीस मिनिटांच्या भूगोलाच्या तासाला या मुलाला तोंड उघडायला जागाच नसते.
खरी अडचण वेगळी आहे. चार विषयांच्या शिक्षकांनी एकत्र बसायचं कधी? वेळापत्रकात त्यासाठी एकही तासिका नाही. आणि निवडणुकीची कामं लागली की ठरवलेलंही बारगळतं.

त्रिज्या
त्या मुलाबद्दल वाचून बरं वाटलं. त्याला बोलायला मिळालंच पाहिजे, यावर वाद नाही. माझी अट एवढीच: मोजमाप गटाने करा, पण घनफळ प्रत्येकाने आपापल्या वहीत काढायचं, आणि गुण त्या वहीला. हे मान्य असेल तर माझ्या दोन तासिका घ्या. पण सूत्र आधी मी वर्गात शिकवणार, विहीर त्यानंतर.

फळाखडू
वहीची अट शंभर टक्के मान्य, तासिकांबद्दल मनापासून आभार. क्रमाबद्दल मात्र माझं मत उलटं आहे. आधी विहीर. मोजायला काही साधन नाही म्हणून मुलं अडली पाहिजेत, मग सूत्र.

त्रिज्या
अडलेली चाळीस मुलं विहिरीच्या काठावर आणि सोबत आपण दोघंच? नाही सर. आधी वर्ग.