तेलाची 'पुनर्प्राप्ती' की तेलाचा 'उतारा'?

प्रस्ताव (मुलुंड)

नमस्कार. कॉलेजच्या मुलांसाठी निघणाऱ्या एका विज्ञान अंकातल्या लेखाचं भाषांतर करते आहे. विषय खनिज तेल. 'एन्हान्स्ड ऑइल रिकव्हरी'पाशी, म्हणजे ईओआरपाशी, अडले. कोशातले शब्द जोडत गेलं की वाक्य असं होतं: "भूमिगत जलाशयांत द्रवांचे अंतःक्षेपण करून कच्च्या तेलाची संवर्धित पुनर्प्राप्ती साधली जाते." व्याकरणात खोट नाही, पण बारावीच्या मुलाला यातून काय कळणार? 'जलाशय' म्हटलं की त्याला पवई तलाव आठवेल, आणि 'पुनर्प्राप्ती' म्हटलं की हरवलेलं तेल परत सापडलं असं वाटेल. समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्रावर काम केलेलं कुणी आहे का? तिथली मराठी माणसं काय म्हणतात?

प्रतिसाद (पनवेल)

ताई, माझी नोकरी समुद्रातच झाली. जुहूहून हेलिकॉप्टरनं जायचं, १४ दिवस प्लॅटफॉर्मवर, मग १४ दिवस घरी. तिथे आम्ही सगळे, मराठी असोत की तमिळ, इंजेक्शन, इंजेक्टर, वॉटर कट, ईओआर असंच बोलायचो. मराठी लागायची ती घरी. "खाली पाणी सोडतो, म्हणजे तेल वर येतं," एवढं सांगितलं की आईला पुरायचं. अंकाला ते पुरणार नाही, म्हणून आधी खाली काय घडतं ते नीट सांगतो. ते कळलं नाही तर शब्द चुकीच्या जागी बसेल.

बॉम्बे हाय मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर, पश्चिमेला. 'सागर सम्राट' या विहिरी खोदणाऱ्या रिगला १९७४च्या फेब्रुवारीत तिथे तेल लागलं, आणि १९७६च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झालं. तेल आहे ते चुनखडीच्या खडकात, त्याच्या बारीक छिद्रांत आणि भेगांत. तळं नाही, पोकळ गुहाही नाही. सुरुवातीला आतल्या दाबानं तेल आपोआप वर येतं. जसजसं काढाल तसतसा दाब उतरतो, तेलात विरघळलेला वायू सुटा होऊन आधी निसटतो, आणि उरलेलं तेल घट्ट होऊन जागीच बसतं. जगभर बघितलं तर अशा आपसूक उत्पादनात साठ्याचा लहानसा भागच हाती लागतो.

म्हणून १९८०च्या दशकात बॉम्बे हायमध्ये समुद्राचंच पाणी खाली सोडायला सुरुवात झाली. ते काही उचललं आणि ओतलं असं नसतं. गाळून घ्यायचं, नाही तर खडकाची छिद्रं बुजतात. त्यातला ऑक्सिजन काढायचा, नाही तर पाइप गंजतात. जंतुनाशक घालायचं, कारण काही जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि तो वायू माणसालाही घातक, लोखंडालाही. एवढं करून मग पंपाच्या जोरावर इंजेक्टर विहिरींतून ते आत दाबायचं. दाब टिकतो आणि पाणी तेलाला उत्पादक विहिरीकडे रेटत नेतं.

आता मुख्य मुद्दा. या नुसत्या पाण्याला जाणकार ईओआर म्हणत नाहीत. ती दुसरी पायरी. पाणी तेलापेक्षा पातळ असलं की ते भेगांतून, मोकळ्या थरांतून वाट काढत थेट उत्पादक विहिरीशी पोचतं, आणि मग वर तेलापेक्षा पाणीच जास्त येऊ लागतं. वॉटर कट वाढला म्हणतात तो हा. आजूबाजूचं तेल तसंच राहतं. ते सोडवायला पाण्याचा, तेलाचा किंवा खडकाचा गुण बदलावा लागतो आणि ईओआर तिथून सुरू होतं. राजस्थानात बाडमेरच्या मंगला क्षेत्रात पाण्यात पॉलिमर, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचं रसायन, मिसळून सोडतात. मेहसाण्याजवळ बालोल आणि सांथालला जड तेल आहे; तिथे हवा आत सोडून थोडं तेल खडकातच जाळतात, त्या उष्णतेनं बाकीचं पातळ होऊन सरकतं. टेक्सासात १९७२पासून कार्बन डायऑक्साइड सोडतात. सर्फॅक्टंटचं काम साबणासारखं: तेलकट कढईवर नुसतं पाणी ओतून भागत नाही.

तेव्हा शब्द कुठलाही घ्या, पण नुसतं पाणी सोडणं आणि ईओआर या दोन पायऱ्यांना एकच शब्द लावू नका. केंद्र सरकारच्या २०१८च्या धोरणातही 'इम्प्रूव्ह्ड' आणि 'एन्हान्स्ड' वेगळे धरले आहेत.

प्रतिसाद (दादर)

'जलाशय' तर काढाच. भूजलाची माणसं पाणी धरून ठेवणाऱ्या खडकाला 'जलधर' म्हणतात. त्याच धर्तीवर 'तेलधर खडक' म्हणा. छिद्रांना 'सच्छिद्रता', त्यांतून द्रव वाहण्याला 'पार्यता', हे शब्द भूगोलाच्या मुलांना नवे नाहीत. 'अंतःक्षेपण' कोशात आहे, तरी 'इंजेक्शन' लहान मुलालाही कळतं. परिभाषा घडवताना रुळलेला शब्द हाकलून देऊ नये.

प्रतिसाद (वाशी)

मी मूळची सांगलीकडची, ऊस पट्ट्यातली. 'रिकव्हरी'ला आमच्याकडे फार जुना, रोजच्या वापरातला शब्द आहे: उतारा. "यंदा कारखान्याचा उतारा किती?" हे शेतकरी चौकात विचारतो. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारी रास्त दर, ठरवताना १०.२५ टक्के उतारा पायाभूत धरतात, म्हणजे सरकारी कागदातही तोच शब्द. कच्च्या मालातून हाती काय लागलं, ते उतारा. मग 'तेलउतारा' का नको? 'रिकव्हरी फॅक्टर'ला 'उताऱ्याचं प्रमाण' आणि ईओआरला 'वाढीव तेलउतारा'. सातबाऱ्याचा उतारा, विषावरचा उतारा हे अर्थ संदर्भानं वेगळे पडतातच.

प्रतिसाद (पनवेल)

शब्द मनापासून आवडला. मात्र एक फरक मुलांना सांगायलाच हवा. साखरेचा उतारा उसाच्या वजनावर मोजतात. एक टन उसातून ११० किलो साखर निघाली तर ११ टक्के, आणि उरलं ते बहुतेक पाणी नि चोथा. तेलाचं प्रमाण खडकातल्या एकूण तेलावर काढतात. तिथे ३० टक्के उतारा म्हणजे ७० टक्के तेल अजून खाली आहे. साखरेसारखं वाचलं तर मुलाला वाटेल बाकीचा निव्वळ दगड होता. ते ७० टक्के तेलच आहे, हे कळलं तर या सगळ्या खटाटोपाचं कारण कळतं. एक-दोन टक्के उतारा वाढला तरी मोठ्या क्षेत्रात ते नवीन विहीर लागल्याहून अधिक असू शकतं.

प्रतिसाद (वाशी)

बरोबर. मग पहिल्यांदा शब्द येईल तिथेच 'खडकातल्या एकूण तेलाच्या टक्केवारीत' असं जोडावं. आमच्याकडेही उतारा कशावर काढला ते विचारतातच.

प्रतिसाद (मुलुंड)

सगळ्यांचे आभार. आता परिच्छेद असा केला आहे, बघा:

"तेलधर खडकातून आपल्या दाबानं येणारं तेल ओसरलं की इंजेक्टर विहिरींतून पाणी आत सोडून दाब टिकवतात. हा जलदाबाचा टप्पा. त्यानंतरही खडकात बरंच तेल उरतं. ते काढण्यासाठी पाण्यात पॉलिमर मिसळून तेल पातळ करतात, किंवा सर्फॅक्टंट, वायू, उष्णता यांचा वापर करतात. याला वाढीव तेलउतारा म्हणतात. उतारा खडकातल्या एकूण तेलाच्या टक्केवारीत मोजतात."

प्रतिसाद (पनवेल)

छान जमलंय. एकच जागा बदला. पॉलिमरनं तेल पातळ होत नाही, पाणी घट्ट होतं. घट्ट झालेलं पाणी भेगांतून पळत नाही, सगळीकडून सारख्या रेट्यानं पुढे सरकतं आणि वाटेतलं तेल सोबत घेऊन जातं. तेल पातळ होतं ते उष्णतेनं, आणि काही वायू तेलात मिसळल्यानंही. "पाण्यात पॉलिमर मिसळून पाणी घट्ट करतात" एवढं केलंत की परिच्छेद छापायला द्या.