मुंबई इलाख्यातील जंगल-संरक्षणाची सुरुवात: सागासाठी की पाण्यासाठी?

नदीकाठ:
आपल्याकडील वनखात्याच्या आरंभाविषयी वाचताना दोन मांडण्या वारंवार समोर येतात. पहिलीनुसार इंग्रजांना जहाजांसाठी आणि पुढे रेल्वेच्या स्लीपरांसाठी लाकूड हवे होते, म्हणून त्यांनी जंगले ताब्यात घेतली. ‘संरक्षण’ हे केवळ त्याला दिलेले नाव होते. दुसरीनुसार जंगल तुटले की झरे आटतात आणि पाऊस घटतो, अशी खरीखुरी चिंता त्या काळच्या काही जाणत्या अधिकाऱ्यांना वाटत होती आणि खाते त्यातूनच उभे राहिले. मुंबई इलाख्यापुरते पाहिले तर यांतील कोणती मांडणी पुराव्याला अधिक धरून आहे? शिवाय जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना या खात्यावर इतका रोष का व्यक्त केला, हेही समजून घ्यायचे आहे.

ऐनाचे पान:
माझ्या मते दोन्ही मांडण्या एकाच माणसाच्या कामात सापडतात, आणि तो माणूस म्हणजे अलेक्झांडर गिब्सन. हा स्कॉटिश डॉक्टर कंपनीच्या नोकरीत होता. १८३८ पासून पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाची देखरेख त्याच्याकडे आली आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला जंगल-संरक्षक झाला. मद्रासेत १८५६ मध्ये हेच काम हाती घेणारा ह्यू क्लेगहॉर्न हाही डॉक्टरच. हा निव्वळ योगायोग नव्हता. वैद्यकाच्या त्या काळच्या शिक्षणात वनस्पतिशास्त्र अनिवार्य असे, त्यामुळे झाडांची ओळख आणि रोगराई-दुष्काळाचा प्रत्यक्ष अनुभव या दोन्ही गोष्टी या मंडळींकडे एकत्र आल्या होत्या.

जंगल आणि पाणी यांच्या नात्याची कल्पना मात्र त्यांच्याही आधीची आहे. फ्रेंचांच्या ताब्यातील मॉरिशस बेटावर १७६९ च्या हुकुमाने प्रत्येक जमीनधारकाला आपल्या जमिनीचा चौथा हिस्सा, विशेषतः डोंगरउतारावरचा, जंगलाखाली ठेवणे भाग पाडले होते. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुंबोल्टने व्हेनेझुएलातील व्हॅलेन्सिया सरोवराचे पाणी उतरण्याचा संबंध भोवतालच्या वृक्षतोडीशी जोडला. १८५० मध्ये ब्रिटिश असोसिएशन या शास्त्रज्ञांच्या संस्थेने उष्ण कटिबंधातील जंगलतोडीच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली, तीत क्लेगहॉर्न होता. तेव्हा पाण्याची चिंता हा नंतर रचलेला बहाणा होता, असे म्हणता येत नाही.

परंतु सरकारने या खात्यावर पैसा खर्च केला तो मुख्यतः मुंबईच्या गोदीला लागणाऱ्या सागासाठी, आणि १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावल्यानंतर ही मागणी फार वाढली. चिंता डॉक्टरांची होती, तिजोरी सरकारची होती.

जुने दप्तर:
वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त मला खरा निर्णायक क्षण १८४७ हा नव्हे, तर १८७८ हा वाटतो. १८६४ मध्ये डिट्रिच ब्रँडिस हा जर्मन वनस्पतितज्ज्ञ हिंदुस्थानचा पहिला वन-महानिरीक्षक झाला, १८६५ मध्ये पहिला कायदा आला आणि तो तोकडा पडतो म्हणून नव्या कायद्यावर वाद सुरू झाला. बेडन-पॉवेल या इंग्रज अधिकाऱ्याचे म्हणणे असे की लेखी हक्क नसेल, तर गावकऱ्यांचा जंगलातील वापर ही केवळ सरकारने दिलेली सवलत समजावी. मद्रास सरकारच्या महसूल अधिकाऱ्यांनी याला ठाम विरोध केला. ब्रँडिस मध्यममार्गी होता. मोजकी मोक्याची जंगले सरकारने राखावीत आणि उरलेल्यांपैकी पुष्कळशी गावांच्या ताब्यात द्यावीत, असा त्याचा आग्रह होता. १८७८ च्या नव्या कायद्यात ‘ग्रामवन’ हे प्रकरण आले खरे, आणि १९२७ च्या कायद्यातही ते कलम २८ म्हणून टिकले. पण प्रत्यक्षात ते जवळजवळ कागदावरच राहिले. जंगल राखायचे हा विचार ज्यांच्या गळी उतरवायचा, त्यांनाच वगळून तो अमलात आणला गेला, याची मला मनापासून खंत वाटते.

नदीकाठ:
दोघांचेही आभार. मग फुल्यांचा रोष या १८७८ च्या कायद्याशी जोडायचा का?

राबाची राख:
होय, आणि त्याला अगदी प्रत्यक्ष कारण होते. डोंगर, टेकड्या, दऱ्या आणि त्यांच्याबरोबर पडीक व गायरान जमिनी या खात्यात घातल्यामुळे गरिबाच्या शेळ्यामेंढ्यांना चरायला जागा उरली नाही, असा फुल्यांचा आक्षेप आहे.

ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत याला राबाची जोड मिळाली. उन्हाळ्यात ऐनासारख्या झाडांचा टहाळ छाटून, त्यावर पालापाचोळा, शेण, गवत आणि माती पसरून भाताच्या रोपवाटिकेची जागा भाजायची, म्हणजे तणाचे बी जळते आणि राखेचे खत मिळते. आमच्या घरी माझी आजी राब भाजण्याचा दिवस सणासारखा पाळत असे. वनाधिकाऱ्याच्या दृष्टीने मात्र ही झाडाची नासधूस होती, तर शेतकऱ्याच्या दृष्टीने झाड मारायचे नव्हतेच, कारण पुढच्या वर्षी त्याच झाडाचा टहाळ लागणार होता. या दोन जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला, आणि त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. पुढे १८९३ मध्ये व्हॉएल्कर या कृषि-रसायनतज्ज्ञाने आपल्या अहवालात जळण आणि चारा यांसाठी वेगळी राखीव वने असावीत, असे सुचवले. १८९४ च्या वनधोरणात शेतीच्या गरजांना निदान तत्त्वतः स्थान मिळाले, ते या सगळ्या तक्रारींनंतर.