मागे असलेल्या कप्तानाने शेवटच्या चढाची वाट पाहू नये

(सायकल शर्यतींवरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

घाटमाथा

2025 च्या जिरोचा, म्हणजे इटलीतल्या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीचा, विसावा टप्पा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. गुलाबी जर्सी, म्हणजे एकूण आघाडी, 21 वर्षांच्या इसाक देल तोरोकडे. रिचर्ड कारापाझ 43 सेकंद मागे, सायमन येट्स 1 मिनिट 21 सेकंद मागे. दुसऱ्या दिवशी रोममधल्या शेवटच्या टप्प्यात चढ नव्हताच, त्यामुळे जे व्हायचं ते इथेच. वाटेत कोल्ले देल्ले फिनेस्त्रे हा घाट: साडेअठरा किलोमीटर, सरासरी नऊ टक्क्यांच्या वर, माथ्याजवळचा आठेक किलोमीटर रस्ता खडीचा. तो उतरून आलं की सेस्त्रिएरेचा शेवटचा चढ. येट्स सेस्त्रिएरेसाठी थांबला नाही. फिनेस्त्रेवरच सुटला, आणि टप्पा संपला तेव्हा एकूण क्रमवारीत देल तोरोच्या 3 मिनिटं 56 सेकंद पुढे होता.

माझं म्हणणं असं, की मिनिटभर मागे असलेल्या माणसाने शेवटच्या चढाच्या शेवटच्या तीन किलोमीटरवर हल्ला करणं म्हणजे आहे तो क्रमांक राखणं. ताकद साधारण सारखी असेल तर तिथे वीस-तीस सेकंदांवर काही हाती लागत नाही. मिनिटं हवी असतील तर त्याच्या आधीच्या चढावर निघावं लागतं. तिथून पुढे उतार असतो, दरी असते, पुन्हा चढ असतो, आणि मागच्यांना मिळून ठरवावं लागतं की पाठलाग कोण करणार. दमलेले आणि एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले लोक ते वेळेत ठरवू शकत नाहीत.

2012 च्या व्हुएल्टात, म्हणजे स्पेनच्या मोठ्या शर्यतीत, कोंतादोरने फुएन्ते देच्या टप्प्यावर हेच केलं. कडक चढांच्या टोकाला होआकिम रॉद्रिगेझ त्याचं चाक सोडत नव्हता. मग कोंतादोर त्या मानाने सोप्या टप्प्यावर, पन्नासेक किलोमीटर बाकी असताना निघाला आणि एकूण आघाडीची लाल जर्सी घेऊन गेला.

पाठलाग

निकाल पाहून तुम्ही डाव बरोबर ठरवताय. फिनेस्त्रेच्या माथ्यावर येट्सची आघाडी दोन मिनिटांच्या आत होती. सेस्त्रिएरेला ती पाच मिनिटांच्या वर गेली. ही वाढ चढावर झालेली नाही, देल तोरो आणि कारापाझ एकमेकांकडे बघत बसले म्हणून झाली. दोघांनी आळीपाळीने पुढे राहून वेग ओढला असता तर आज इथे कोणी येट्सच्या धाडसाचं कौतुक करत नसतं.

एकट्याने लांबून जाणं मुळातच तोट्याचं असतं. आठ-नऊ टक्क्यांच्या चढावर बहुतेक ताकद वजन वर उचलण्यात जाते, त्यामुळे पुढे असा की मागे, फरक थोडा. दरीत ताशी चाळीसच्या वेगाने जाताना ताकद हवा कापण्यात जाते. तिथे मागच्या गटातला माणूस आडोशाला बसून पाय वाचवतो, एकट्याला कुठलाच आडोसा नसतो. 2011 च्या टूर द फ्रान्समध्ये अँडी श्लेक इझोआर घाटावरून साठ किलोमीटर आधी निघाला. एका क्षणी आघाडी चार मिनिटांच्या वर होती. मग कॅडेल इव्हान्सने गालिबिएच्या चढावर जवळजवळ एकट्याने गट ओढला, शेवटी नुकसान सव्वादोन मिनिटांवर आणलं, आणि ग्रनोबलच्या टाइम ट्रायलमध्ये (एकेकट्याने घड्याळाविरुद्धचा टप्पा) टूर जिंकली. श्लेकचा हल्ला सगळ्यांच्या लक्षात आहे, पण पॅरिसमध्ये विजेत्याची पिवळी जर्सी इव्हान्सच्या अंगावर होती.

मोठी चकती

दोघंही हल्ला करणाऱ्याच्या पायांबद्दल बोलताय. फिनेस्त्रेच्या टप्प्यावर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो येट्सच्याच संघातला वाउट व्हान आर्ट. तो सकाळपासून पुढच्या गटात होता. टप्पा जिंकायला नव्हे, आपल्या कप्तानासाठी, येट्ससाठी. येट्सच्या आधी त्याने माथा ओलांडला आणि पलीकडे त्याची वाट पाहिली. 'पाठलाग' ज्या दरीबद्दल बोलतात, तिथे येट्स एकटा नव्हताच. त्याच्यापुढे सपाटीवर जगातल्या सर्वोत्तमांत गणला जाणारा माणूस हवा कापत होता. सेस्त्रिएरेचा चढही जेमतेम चार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तिथेही चाकामागे बसण्याचा भरपूर फायदा. हा हल्ला चढावर यशस्वी झाला असं दिसतं, पण त्याची निम्मी तयारी सकाळी पुढचा गट सुटला तेव्हाच झाली होती.

श्लेकचंही तेच. योस्ट पोस्टुमा आणि मॅक्सिम मॉन्फोर हे त्याचे सहकारी आधीच पुढे होते. एकाने त्याला इझोआरवर घेतलं, दुसऱ्याने पुढच्या दरीत. म्हणून लांबून निघावं की नाही, यापेक्षा मी आधी हे विचारेन की पलीकडे आपला कोणी उभा आहे का. 2018 पासून ग्रँड टूरचा (जिरो, टूर, व्हुएल्टा) संघ नऊवरून आठ जणांचा झालाय. एक भक्कम माणूस पुढे पाठवला की कप्तानाजवळ एक कमी. ही किंमत मोजायला फार कमी संघ तयार होतात, आणि मग त्यांचे कप्तान शेवटच्या चढावर थांबतात. त्याला भित्रेपणा म्हणणं मला पटत नाही.

घाटमाथा

व्हान आर्टबद्दल शंभर टक्के सहमत. पण 'पाठलाग', "एकमेकांकडे बघत बसले" हे तुम्ही अपघात झाल्यासारखं सांगताय. ते आधी ओळखता येतं, आणि ते ओळखणं हाच डाव.

2018 चा जिरो घ्या, हाच फिनेस्त्रे. ख्रिस फ्रूम चौथा, 3 मिनिटं 22 सेकंद मागे. ऐंशी किलोमीटर बाकी असताना निघाला. मागे टॉम ड्युमुलां, थिबो पिनो, मिगेल आंखेल लोपेझ आणि कारापाझ. लोपेझ आणि कारापाझ यांच्यात तरुणांच्या पांढऱ्या जर्सीची झुंज, त्यामुळे दोघंही ओढायला तयार नाहीत. पिनोचा सहकारी रायशनबाख मागून येऊन मिळावा म्हणून या गटाने वेग आवरता घेतला. फ्रूम तीन मिनिटांनी टप्पा जिंकला, गुलाबी जर्सीत गेला आणि शेवटी जिरो 46 सेकंदांनी जिंकला. त्या दिवशी गुलाबी जर्सी गमावून अडतीस मिनिटांहून अधिक वेळ हरलेला माणूस सायमन येट्सच होता. सात वर्षांनी त्याच घाटावर तो नेमका कुठे निघाला, हे बघा.

तीन-चार जणांच्या गटात प्रत्येकाला वेगळं काहीतरी राखायचं असतं. ते काय, हे बसमध्ये नकाशा समोर ठेवून सकाळीच लिहून काढता येतं.

दमसास

मी दोन्ही बाजूंच्या विरोधात. 2022 ची टूर, अकरावा टप्पा, आधी गालिबिएचा चढ आणि शेवटी ग्रानोनचा. योनास विंगेगार्डचा निर्णायक हल्ला शेवटच्या पाचेक किलोमीटरमध्येच झाला, म्हणजे 'घाटमाथा' ज्याला कुचकामी म्हणतात तिथे. आणि तादेय पोगाचार त्या दिवशी 2 मिनिटं 51 सेकंदांनी मागे पडला. कारण आधी गालिबिएच्या बाजूला एकाच संघातले रोग्लिच आणि विंगेगार्ड आलटूनपालटून निघत होते आणि पोगाचार प्रत्येक वेळी स्वतः मागे जात होता. त्यातला एकही हल्ला सुटून जाण्यासाठी नव्हता. पोगाचारला आडोशाबाहेर काढायचं, श्वास घेऊ द्यायचा नाही, खायला सवड मिळू द्यायची नाही, एवढंच काम. दोन हजार मीटरच्या वर असा एकेक झटका उतरायला वेळ लागतो. ग्रानोनच्या अकरा किलोमीटरवर त्याची वसुली झाली.

तेव्हा लांबून की जवळून हा प्रश्न मला अपुरा वाटतो. अडवणाऱ्याने, म्हणजे आघाडी राखणाऱ्याने, शेवटच्या चढाआधी किती वेळा उत्तर दिलं, ते मोजा.

पाठलाग

हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे. त्यातून अडवणारे शिकले. 2024 मध्ये प्लातो द बेलच्या टप्प्यावर विंगेगार्डच्या संघाने दिवसभर वेग कडक ठेवला. दहाएक किलोमीटर बाकी असताना तो निघाला. पोगाचार शांतपणे चाकावर बसला, साडेपाच किलोमीटर राहिले तेव्हा स्वतः सुटला आणि 1 मिनिट 8 सेकंदांनी जिंकला. हल्ल्याचं अंतर, जागा, संघाची तयारी, सगळं पुस्तकात असावं तसं होतं. पुढचा माणूस अधिक ताकदवान आणि निवांत असेल तर लांबचा हल्ला त्याच्याच कामी येतो. अशा वेळी दुसरा क्रमांक जपणं हा शहाणपणा आहे. तीन आठवडे तुमच्यासाठी बाटल्या वाहणाऱ्या सात जणांचंही त्यात काही असतं.

नवं चाक

मग देल तोरोने काय करायला हवं होतं? कारापाझ चाकावर बसून राहणार आणि शेवटी सुटणार, ही भीती खोटी नव्हती ना?

घाटमाथा

भीती खरी, पण हिशेब चुकीचा. कारापाझ 43 सेकंद मागे होता. सेस्त्रिएरेच्या हलक्या चढावर, चाकाचा आडोसा मिळत असताना, देल तोरोकडून 43 सेकंद काढणं कारापाझला फार अवघड होतं. येट्सकडे मात्र सेकंदांचा प्रश्न उरलाच नव्हता. उतार संपल्यापासून देल तोरोने एकट्याने ओढायला हवं होतं, कारापाझ मागे बसला तरी.

पाठलाग

पुढे व्हान आर्ट आहे हे माहीत असताना, 21 व्या वर्षी, दोनशे किलोमीटर पायांत असताना? मी तिथे वेगळं केलं असतं. फिनेस्त्रेवर येट्स पहिल्यांदा सुटला तेव्हाच कारापाझचा नाद सोडून त्याच्या मागे गेलो असतो. माथ्यापर्यंत हा सामना पायांचा होता, आणि पाय देल तोरोकडे होते. दरीत पोचल्यावर तो दोन विरुद्ध एक झाला.

मोठी चकती

यावर तुम्हा दोघांचं एकमत झालंय, फक्त जागेबद्दल वाद उरलाय. मी 'पाठलाग' यांच्या जागेला मत देईन. व्हान आर्टशी गाठ पडण्याआधी येट्सला पकडता आलं तर ठीक, नंतर एकट्याने ते अंतर भरून निघणार नव्हतं.