टॉर्टिया फ्रीझ करण्याबद्दल थोडी भर

टॉर्टिया (मैद्याच्या किंवा मक्याच्या पातळ मेक्सिकन पोळ्या) फ्रीजमध्ये दोन दिवस ठेवले की कडक होतात, मग फ्रीझरमध्ये तर आणखी वाईट होतील, असं कुणीतरी लिहिलंय. प्रत्यक्षात उलटं होतं. शिजलेला स्टार्च (पिठातला पिष्टमय भाग) थंड झाला की पुन्हा घट्ट होऊ लागतो, आणि फ्रीजच्या ४-५ अंशांना ही क्रिया सर्वात जोरात चालते. फ्रीझरच्या उणे १८ अंशांना ती जवळजवळ थांबते. म्हणून पुढच्या आठवड्यासाठी ठेवायचे असतील तर फ्रीजमध्ये रेंगाळू न देता, केले त्याच दिवशी सरळ फ्रीझ करा.

मात्र आधी पूर्ण गार होऊ द्या. कोमट असताना पिशवीत भरले की वाफेचं पाणी होतं, त्याचा बर्फ होतो आणि सोडवताना ते फाटतात. प्रत्येक दोनांमध्ये बटर पेपर घाला, म्हणजे हवे तेवढेच काढता येतात. झिपच्या पिशवीतली हवा दाबून काढा, पिशवी आडवी ठेवा. दोन-तीन महिन्यांत संपवलेले बरे, नंतर कडा कोरड्या पडतात.

मैद्याचे टॉर्टिया गोठलेलेच तापलेल्या तव्यावर टाकले तरी चालतात. मक्याच्या बाबतीत मी घाई करणार नाही. त्यांच्यात ग्लुटेन (गव्हातलं, पीठ लवचीक ठेवणारं प्रथिन) नसल्याने घडी घालताना चिरतात. त्यांचा बर्फ रात्रभर फ्रीजमध्ये सुटू द्या, मग ओलसर कापडात गुंडाळून वाफवा किंवा पाण्याचा हबका मारून शेका, आणि गरम असतानाच दुमडा.