टेनर सॅक्ससाठी रेगेचे अल्बम, आणि जुन्या रेकॉर्डशी सूर का जुळत नाही?

टेनरप्रेमी: गायकाशिवायचे, सॅक्सच चाल वाजवतो असे रेगे अल्बम सुचवा. दुसरं म्हणजे, 70च्या दशकातल्या रेकॉर्डबरोबर वाजवताना सूर दोन स्वरांच्या मधे पडतो. रीड (माउथपीसवरची कंप पावणारी पट्टी) बदलून पाहिली, फरक नाही.

रिडिमवेडा: सुरुवात टॉमी मॅकूकपासूनच करा. जमैकातल्या किंग्स्टनच्या अल्फा बॉईज स्कूलमध्ये शिकलेला, स्कॅटलाइट्स या स्का बँडचा टेनरवादक. अ‍ॅग्रोव्हेटर्स या स्टुडिओ बँडबरोबरचा ‘ब्रास रॉकर्स’ (1975) आधी ऐका. निर्माता बनी ली एकच रिडिम (ड्रम-बेसची मूळ साथ) अनेकदा वापरायचा: त्यावर आधी गायक, मग डब (गायन बहुतेक काढून इकोने घडवलेलं रूप), मग सॅक्स. म्हणून त्याच रिडिमवरचं गाणं शोधून शेजारी ठेवा. मॅकूक गायकाची ओळ कुठे धरतो आणि कुठे सोडतो ते लगेच कळतं. शिकण्यासाठी याहून चांगली सोय नाही. अल्टो ऐकायचा तर हेडली बेनेटचा ‘35 इयर्स फ्रॉम अल्फा’ (1982). डीन फ्रेझरचा ‘डीन प्लेज बॉब’ (1994) बॉब मार्लीच्या चाली ओळखीच्या असल्यामुळे सोपा जाईल.

टेपमास्तर: दोष रीडचा नाही, टेपच्या वेगाचा आहे. वेग थोडा बदलला की सगळी पट्टी सरकते. माउथपीस बाहेर ओढून अर्धा अर्धस्वर भरून काढू नका: वरचे स्वर जास्त उतरतात, खालचे कमी, आणि सॅक्स स्वतःशीच बेसूर होतो. त्याऐवजी ऑडॅसिटी या मोफत ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज स्पीड’ (नव्या आवृत्तीत ‘चेंज स्पीड अँड पिच’) वापरा. 50 सेंट (अर्धस्वराचे 100 सेंट, म्हणजे अर्धा अर्धस्वर) म्हणजे वेगात सुमारे 2.9 टक्के. बेसचा लांब स्वर ट्यूनरवर तपासून आकडा ठरवा. मग पट्टी बदला: मूळ ए मायनर असेल तर टेनरवर बी मायनर, अल्टोवर एफ शार्प मायनर.

रिडिमवेडा: सूर जुळला तरी एक अडचण राहील, घाई. वन ड्रॉप या रेगेच्या ठेक्यात किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) तिसऱ्या मात्रेवर पडते, पहिली मोकळी असते. जॅझची सवय असलेले ती मोकळी जागा स्वरांनी भरतात आणि गिटारच्या स्कँकवर (मात्रांच्या मधल्या तुटक ठोक्यांवर) चढतात. मेट्रोनोम 72वर ठेवा, चार बारची ओळ वाजवा, पुढचे चार बार गप्प राहा. जीभ हलकी लावा. प्रत्येक स्वर ‘त’ने ठोकला तर तो ड्रमशी भांडतो.

टेनरप्रेमी: ‘चेंज पिच’ चालेल का?

टेपमास्तर: चालेल, पण त्याने लय तशीच राहते आणि झांजांचा आवाज खरखरतो. टेपचा वेग चुकला तेव्हा सूर आणि लय दोन्ही एकत्र सरकले, म्हणून ‘चेंज स्पीड’च बरोबर.